भारंगीची भाजी: कडूपणा पाण्याने जातो, गुळाने नाही

भारंगी या रानभाजीबद्दल दर पावसाळ्यात एकच तक्रार कानावर येते. एवढी हौसेने आणली, निवडली, केली आणि कडूजहर झाली. घरात कुणी दुसरा घास घेतला नाही. पुढच्या खेपेला मग गुळाचा खडा मोठा होतो, खोबरं दुप्पट पडतं आणि त्यानंतरच्या वर्षी भारंगीच घरात यायची बंद होते. गुळाने कडूपणा जात नाही. एकाच घासात आधी गोड आणि मागून कडू लागतं, एवढंच. भाजी कडू होणार की नाही हे कढई चढायच्या आधीच ठरलेलं असतं: पान केवढं खुडलं, किती पाण्यात उकडलं आणि किती घट्ट पिळलं.

दुसरा घोळ पानं आणि फुलं यांचा. झाड एकच असलं तरी भाज्या दोन आहेत. पानांची कृती फुलांना लावली की फुलांचा लगदा होतो आणि फुलांची पानांना लावली की भाजी चिवट नि कडू राहते. म्हणून खाली दोन्ही वेगवेगळ्या दिल्या आहेत. पहिले पाच टप्पे बरेचसे दोघींना सामाईक आहेत, पुढे वाटा फुटतात.

## टप्पा १: कोणत्या दिवसांत काय मिळतं

कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर, म्हणजे पालघर-ठाणे-रायगडपासून खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंत आणि घाटावर इगतपुरी, मुळशी, भोर या बाजूला, भारंगी आपोआप उगवते. जमिनीतल्या जुन्या मुळाला पहिल्या पावसात नवे फुटवे येतात. हे फुटवे म्हणजे पानांची भाजी. जून आणि फार तर जुलैची सुरुवात, एवढाच तिचा खरा काळ. त्यानंतर पान निबर होत जातं आणि झाड तुरे काढायच्या मागे लागतं. श्रावणाच्या आसपास निळसर फुलांचे तुरे बाजारात दिसू लागतात, ती फुलांची भाजी.

तपासा: ऑगस्टमध्ये कुणी 'पाल्याची' भारंगी देत असेल, तर पान हातात घेऊन पाहिल्याशिवाय घेऊ नका. त्या दिवसांत झाडाच्या बगलेत फुटलेले कोवळे शेंडे मिळू शकतात, पण बहुतेक वेळा जुनाट पानंच जुडीत बांधलेली असतात.

## टप्पा २: ओळख पक्की करा

बाजारातून घेणाऱ्यांनीही हा टप्पा वगळू नये. रानभाज्यांच्या वाट्यात कधीकधी दुसरा पाला मिसळून येतो. मुद्दाम कुणी मिसळत नाही. पहाटे घाईने खुडताना तो येतो.

भारंगी हे साधारण कमरेपासून डोक्याएवढं वाढणारं झुडूप आहे. शास्त्रीय नाव रोथेका सेराटा. जुन्या पुस्तकांत तेच क्लेरोडेंड्रम सेराटम म्हणून सापडतं. ओळखीच्या खुणा एका क्रमाने पाहा.

१. दांडा. अंगठा आणि पहिल्या बोटात धरून फिरवा. चार कोन स्पष्ट लागले पाहिजेत. गोल लागला तर ती भारंगी नाही.

२. पानांची मांडणी. एका पेरावर समोरासमोर दोन पानं, आणि बऱ्याचदा तीन. तीन पानांचं पेर दिसलं की निम्मं काम झालं.

३. पान. लांबट, टोकाकडे निमुळतं, वीतभर होऊ शकणारं. कडांना ठळक करवती दाते. देठ अगदी आखूड, पान जणू दांड्यालाच चिकटलेलं. हाताला गुळगुळीत लागतं, खरखरीत नाही.

४. फूल. असेल तर शंकाच उरत नाही. पाच पाकळ्यांपैकी चार फिकट निळसर, पांढरटाकडे झुकणाऱ्या. पाचवी, खालची पाकळी मोठी आणि गडद जांभळी-निळी. त्यातून चार लांब पुंकेसर बाहेर येऊन कमानीसारखे वाकलेले. फुलं फांदीच्या टोकाला, वर निमुळत्या होत जाणाऱ्या तुऱ्यात येतात.

यातली एकच खूण जुळली म्हणून खुडायला घेऊ नका. चौकोनी दांडा घाणेरीलाही असतो आणि निर्गुडीलाही. घाणेरी सगळ्यात जास्त फसवते, कारण तिची पानंही समोरासमोर आणि दातेरी असतात. पण तिचं पान लहान आणि खरखरीत, दांड्यावर बऱ्याचदा बारीक काटे, आणि चुरगळलं की उग्र वास. घाणेरीचा पाला गुरांनाही विषारी ठरतो, त्यामुळे इथे 'चालून जाईल' म्हणायची सोय नाही. निर्गुडीचं पान तीन किंवा पाच पर्णिकांत विभागलेलं असतं, ते सहज वेगळं काढता येतं. भारंगीच्याच जवळच्या गोतातलं भांडीर नावाचं झुडूपही त्याच रानात असतं. त्याचं पान रुंद, लवदार आणि चुरगळल्यावर दुर्गंधी येणारं. फुलं पांढरी, आतून लालसर.

इशारा: मोबाइलवरच्या फोटोवरून केलेली ओळख पुरेशी नाही. पहिल्या वर्षी रानातून खुडणार असाल, तर ही भाजी नेहमी खाणाऱ्या माणसाला बरोबर घ्या. कोवळ्या फुटव्याला फूल नसतं, आणि चूक नेमकी तेव्हाच होते.

## टप्पा ३: खुडणं किंवा विकत घेणं

रानातून खुडत असाल तर. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या हद्दीत हात लावायचा नाही. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, तानसा, फणसाड इथून पान तोडणंही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आड येतं. इतर वनजमिनीवर गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क २००६च्या वनहक्क कायद्याने तिथल्या आदिवासींना आणि पारंपरिक वननिवासींना दिला आहे. शहरातून गाडी घेऊन गेलेल्या हौशी मंडळींना नाही. स्वतःच्या किंवा ओळखीच्यांच्या माळावर, बांधावर असेल तर खुशाल खुडा. रस्त्याच्या कडेची, फवारणी झालेल्या बागेलगतची घेऊ नका.

खुडायचं ते शेंड्याकडचंच. वरची दोन, फार तर तीन पेरं. नखाने दाबल्यावर दांडा 'कट्' आवाज करून तुटला तर तो कोवळा. वाकला, साल सोलत लोंबत राहिला, तर तुम्ही एक पेर खाली आला आहात. झुडुपाचे सगळे शेंडे कधीच काढू नका. शेंडा खुडला की बगलेतून नवे फुटवे येतात, पण त्यासाठी झाडावर पाला उरला पाहिजे. आणि उपटायचं तर अजिबात नाही. भारंगमूळ औषधात जातं म्हणून मुळासकट झाडं ओरबाडली जातातच, त्यात भाजीवाल्यांची भर नको.

विकत घेत असाल तर. पेण, कर्जत, वाडा, जव्हार या बाजूच्या बाजारांत आणि मुंबई-ठाण्यात स्टेशनांबाहेर कातकरी, ठाकर, वारली बायका सकाळी वाटे मांडून बसतात. सकाळीच जा. पाल्याच्या बाबतीत दुपारची भारंगी म्हणजे उरलेली भारंगी. जुडी उलटी करून देठाकडची बाजू पाहा: कापलेला भाग हिरवा आणि ओलसर असावा, तपकिरी नको. मग मधलं एक पान काढून त्याची मधली शीर वाकवा. मोडली तर घ्या, वाकली तर सोडा. बाईंनाच विचारा, "मावशी, ही शेंड्याची का खालची?" बहुतेकदा खरं उत्तर मिळतं, आणि कशी करायची तेही फुकटात कळतं. भाव मात्र पाडू नका. एका वाट्यामागे किती चढउतार झालेला असतो, हे रानात एकदा पावसात हिंडलेल्यालाच कळेल.

तपासा: चार माणसांसाठी चिरलेली पानं मोठ्या चार वाट्या लागतात. पिळल्यावर त्याची जेमतेम वाटीभर भाजी उरते. पहिल्यांदा आणणारे बहुतेक सगळे कमी आणतात, आणि मग डाळीत भारंगी शोधावी लागते.

## टप्पा ४: जोडीची तयारी भाजीच्या आधी

इथे क्रम चुकतो. भाजी आणली, निवडली आणि मग आठवलं की वाल भिजवलेच नाहीत. मग भाजी फ्रिजमध्ये दोन दिवस पडून राहते आणि वालांना मोड येईपर्यंत ती पिवळी पडलेली असते. म्हणून आधी जोडी ठरवा.

वाल घालणार असाल तर उलटं मोजत या. रविवारी दुपारी भाजी हवी, तर शुक्रवारी रात्री वाल भिजत. शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. पावसाळ्यात मोड संथ येतात, त्यामुळे पूर्ण दिवस आणि रात्र द्या. रविवारी सकाळी कोमट पाण्यात टाकून सोला. कडवे वाल बिनधास्त वापरा, भारंगीशी त्यांचं चांगलं जमतं.

चणाडाळ दोन-तीन तास भिजली पाहिजे. मूगडाळ अर्ध्या-पाऊण तासात होते. आयत्या वेळी भारंगी हाती आली तर मूगडाळच बरी. भिजवलेली मूगडाळ बोटांत दाबली की दोन तुकडे व्हावेत, पीठ होऊ नये.

मसूर घालू नका, असं माझं मत. शिजून विरघळतो आणि भाजी चिकट होते. काही घरांत घालतात. त्यांच्या हाताला ते अंदाज बसलेले असतात.

## टप्पा ५: निवडणं, धुणं, चिरणं, याच क्रमाने

निवडणं. वर्तमानपत्र पसरा आणि जुडी सोडून आधी झटका. पावसाळी पाल्याच्या मागच्या बाजूला अळ्या आणि अंडी असतात, म्हणून प्रत्येक पान उलटून पाहायचं. कंटाळवाणं आहे, पण याला सोपी वाट नाही. भोकं पडलेलं पान टाकू नका. भोक म्हणजे किडीने खाल्लेलं, खराब झालेलं नव्हे. पिवळं, काळे ठिपके आलेलं आणि बुळबुळीत मात्र टाका.

आता वर्गवारी. शेंड्याची कोवळी पानं देठासकट एका बाजूला. तळहाताएवढी झालेली दुसऱ्या बाजूला. त्यांची मधली शीर काढायची. पान उभं दुमडून धरा आणि शीर देठाकडून टोकाकडे ओढा, दोरा निघाल्यासारखी येते. ही शीर कितीही उकडली तरी दातांत येते. त्याहून मोठं पान असेल तर टाकून द्या. 'वाया कशाला घालवायचं' म्हणून जुनी पानं ठेवली की सगळ्या भाजीची चव जाते.

धुणं. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, त्यात पानं बुडवून हाताने हलवा, दोन मिनिटं थांबा आणि पानं वरच्यावर उचलून रोवळीत घ्या. पातेलं रोवळीवर उपडं करू नका, तळाला बसलेली माती परत भाजीवरच येते. तळाचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचं. पावसाळ्यात साधारण तीन पाणी लागतात.

चिरणं. धुतल्यानंतरच, आणि बारीक. पानांची गुंडाळी करून विळीवर किंवा सुरीने मेथीपेक्षा थोडी बारीक चिरा. बारीक चिरण्याचा संबंध दिसण्याशी नाही. जितक्या कडा मोकळ्या, तितका कडू रस उकडताना पाण्यात उतरतो. अख्खी पानं उकडून नंतर चिरणारे आहेत, त्यांच्या भाजीचा कडूपणा पानातच अडकून राहतो.

इशारा: चिरून ठेवून बाहेर जाऊ नका. चिरलेली भारंगी काळी पडते. पाणी तापायला ठेवा, मग विळी हातात घ्या.

## टप्पा ६: पानं उकडणं आणि पिळणं

सगळी भाजी इथे ठरते, म्हणून घाई नको.

१. चिरलेल्या भाजीच्या निदान तिप्पट पाणी खळखळ उकळा. वाफेवर शिजवणं, कुकरमध्ये शिट्टी काढणं किंवा थोड्या पाण्यात झाकून शिजवणं हे तिन्ही प्रकार इथे उपयोगाचे नाहीत. कडूपणा बाहेर पडून जायला पाणी हवं. कुकरमध्ये तो तिथेच फिरून भाजीत मुरतो.

२. पाण्यात चमचाभर मीठ घाला. सोडा नको, रंग हिरवागार राहतो, पण पान चिकट होतं. चिंच, कोकम, लिंबूही या पाण्यात नको. आंबट पाण्यात पाला लवकर मऊ होत नाही आणि रंगही जातो.

३. उकळत्या पाण्यात भाजी टाका, एकदा ढवळा, झाकण न ठेवता मोठ्या आचेवर दहा ते बारा मिनिटं उकळू द्या. पाणी हिरवट-तपकिरी होत जाईल. व्हायलाच हवं.

४. एक तुकडा काढा, थंड पाण्याखाली धरा, चावून पाहा. दातांखाली सहज तुटला पाहिजे. कडू लागेल, त्याची चिंता आत्ता नको. चिवट लागला तर आणखी तीन-चार मिनिटं.

५. चाळणीत ओता, वरून गार पाणी सोडा. हात लावता येईल इतपत निवलं की मूठभर भाजी दोन्ही तळव्यांत धरून पिळा. पहिल्या दाबात पाणी धो धो येतं आणि लोक तिथेच थांबतात. गोळा मोकळा करा, पुन्हा आवळा. तिसऱ्यांदा पिळताना थेंब-थेंब येतो, तोही काढा. हाताने जमत नसेल तर पातळ फडक्यात घेऊन पिळा.

६. आता पुन्हा चाखा. जिभेच्या मागच्या भागात रेंगाळणारा हलका कडूपणा राहिला असेल तर झालं. तोंड वाकडं होण्याइतका कडू असेल, तर भाजी मोकळी करून ताज्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका आणि परत पिळा. तिसरं पाणी देऊ नका. तोवर चवीचं असं भाजीत काही उरत नाही, आणि मेथी आणली असती तर बरं झालं असतं असं वाटतं.

इशारा: उकडलेलं पाणी 'सत्त्व जाईल' म्हणून डाळ शिजवायला वापरू नका. जो कडूपणा काढायला एवढा खटाटोप केला, तोच परत आणणार आहात.

तपासा: पिळलेला गोळा ताटलीत ठेवून पाच मिनिटांनी पाहा. खाली पाणी साचलं तर पुन्हा पिळा. पाणी राहिलेली भाजी कढईत परतली जात नाही, ती पुन्हा शिजते आणि तेल वर तरंगतं.

## टप्पा ७: पानांची भाजी करणं

चार माणसांसाठी: पिळलेली भारंगी वाटीभर, मूगडाळ किंवा सोललेले वाल अर्धी वाटी, मध्यम कांदे दोन, लसणाच्या सात-आठ पाकळ्या ठेचून, हिरव्या मिरच्या तीन, तेल दोन मोठे चमचे, हळद, हिंग, मीठ, ओलं खोबरं पाव वाटी. गूळ घालायचाच असेल तर सुपारीएवढा.

तेल कमी करू नका. पिळलेला पाला तेल पितो आणि तेल कमी पडलं की तो कोरडा, घशात अडकणारा होतो.

१. तेल तापलं की लसूण. कडा लालसर झाल्या की मिरची आणि हिंग. लसूण जळू देऊ नका. जळका लसूण स्वतःच कडू असतो आणि इथे तो लपत नाही.

२. कांदा बारीक चिरलेला. मऊ, पारदर्शक होईपर्यंत परता, तपकिरी नको. या भाजीत गोडवा आणायचं काम कांदा करतो, म्हणून तो भाजीच्या बरोबरीने घ्यायला कचरू नका.

३. हळद, मग निथळलेली डाळ किंवा वाल. दोन मिनिटं परतून अर्धी वाटी गरम पाणी, वर झाकण, झाकणावर पाणी. डाळ बोटचेपी होईपर्यंत थांबा. वालांना जास्त वेळ लागतो, मध्ये पाण्याचा हबका मारा.

४. डाळ जवळपास शिजली की मगच भारंगी. गोळा हाताने सोडवून, मोकळी करून पसरा. डाळ आणि भाजी एकदम टाकली की दोघांतलं एक बिघडणारच: डाळ कच्ची राहते किंवा पाल्याचा लगदा होतो.

५. मीठ आता. उकडताना थोडं मीठ भाजीत गेलेलं असतं आणि पिळून ती आकसलेली असते, त्यामुळे नेहमीच्या अंदाजाने घातलं तर खारट होते. निम्मं घाला, चाखा, मग वाढवा.

६. मंद आचेवर झाकून पाच-सात मिनिटं. मग झाकण काढून परता. कढईच्या तळाला ओल दिसेनाशी झाली आणि भाजी कडेने सुटली की झाली. गूळ असेल तर झाकण काढताना, खोबरं आच बंद केल्यावर.

तांदळाच्या किंवा नाचणीच्या गरम भाकरीबरोबर ही भाजी खुलते. पोळीबरोबर तिचा कडूपणा का कोण जाणे जास्त जाणवतो, असा माझा अनुभव.

## टप्पा ८: फुलांची भाजी

फुलांत कडूपणा असतो, पण पाकळी नाजूक. दहा मिनिटं उकळलं तर हाती काळपट चोथा येतो.

तुरा निवडताना. तुऱ्याच्या वरच्या भागात कळ्या, मधे उमललेली फुलं आणि खाली हिरवी बारीक फळं धरू लागलेली, अशी अवस्था एकाच वेळी असते. भाजीला कळ्या आणि फुलं हवीत. खालची फळं नखात दाबा: मऊ असतील तर चालतील, टणक असतील तर तेवढा भाग तोडून टाका. काळपट जांभळी फळं दिसत असतील तर तो तुरा भाजीचा राहिलेला नाही. फुलं घेताना तुऱ्याला नाक लावून पाहा. शिळ्या, पिशवीत कोंडलेल्या फुलांना आंबूस वास येतो.

किडे-मुंग्या. तुरे पांढऱ्या फडक्यावर अर्धा तास मोकळे पसरून ठेवा. बरेचसे रहिवासी आपणहून निघून जातात. मग एकेक तुरा उलटा धरून टिचकी मारा आणि मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा. पाण्यावर जे तरंगेल ते पाहिल्यावर हा टप्पा कुणी पुन्हा गाळत नाही.

सुटी करणं. मधला जाड दांडा टाका. कळ्या, फुलं आणि त्यांची कोवळी देठं घ्या. पुंकेसर वेचत बसायची गरज नाही, ते शिजून मऊ होतात.

कडूपणा काढणं. फुलं जाडसर चिरा. चमचाभर मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, मग हलक्या हाताने पिळा. स्वच्छ पाण्यातून काढून परत पिळा, असं दोनदा-तीनदा. तुरे थोडे जून वाटले तर चोळण्याऐवजी उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं टाकून पिळून घ्या. निळा रंग जातो, फुलं मातकट दिसतात. तो दोष नाही.

भाजी. फोडणी पानांच्या भाजीसारखीच, कांदा थोडा जास्त. इथे मूगडाळच घ्या. वालांपुढे फुलं हरवतात. डाळ पूर्ण शिजली की फुलं घालून झाकून फक्त तीन-चार मिनिटं, मग उघडी परतायची. डाळ नसेल तर फुलं परतून वर दोन-तीन चमचे बेसन पेरा, पाण्याचा हबका मारा आणि झाकून वाफ काढा. बेसनाचा कच्चा वास गेला की उतरवा. गूळ फुलांच्या भाजीत मला नको वाटतो.

इशारा: मिठात चोळलेल्या फुलांना भाजीत वेगळं मीठ बहुधा लागतच नाही. चाखल्याशिवाय घालू नका.

## टप्पा ९: पहिल्यांदा खाताना

कच्ची भारंगी, पानं असोत वा फुलं, कोशिंबिरीत घालू नका. पहिल्यांदा खाणाऱ्याने वाटीभर न खाता दोन-चार घास घ्यावेत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाहावं. कोणतीही रानभाजी प्रत्येकाला मानवेलच असं नाही. भारंगी आयुर्वेदात, विशेषतः खोकला आणि दम्यावर, औषध म्हणून वापरली जाते. म्हणून गरोदर बायकांनी आणि नियमित औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारून खावी. उलट बाजूही तेवढीच खरी: आठवड्यात दोनदा भाजी खाल्ली म्हणून दमा बरा होत नाही, आणि चालू औषध तर कुणी बंद करू नये.

## ठेवायची कशी

पाला न धुता, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवला तर दीड-दोन दिवस टिकतो. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला तर दुसऱ्या सकाळी घाम फुटून मधली पानं काळी पडलेली असतात. जास्त आणलीच असेल तर उकडून, पिळून, एका वेळेला लागेल तेवढे गोळे करून फ्रीझरमध्ये टाका. वापरताना गोळा बाहेर काढून पूर्ण सुटू द्या आणि परत एकदा पिळा, पाणी सुटतंच. फुलं मात्र आणली त्याच दिवशी करा.

## बिघडलीच तर

कडू राहिली: गूळ ओतू नका. एक कांदा वेगळा मऊ परतून, वाटीभर शिजलेली मूगडाळ घालून भाजीत मिसळा आणि पाच मिनिटं वाफ काढा. कडूपणा जात नाही, पण त्याची धार पसरून कमी होते.

चिवट झाली: पान जून होतं किंवा उकडणं कमी पडलं. अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकून शिजवा. शिरा दातांत येत असतील तर काही इलाज नाही.

पाणी सुटलं: झाकण काढा, आच वाढवा, भाजी कढईच्या कडांना पसरा. तरीही राहिलं तर चमचाभर बेसन भाजून पेरा.

खारट झाली: ओलं खोबरं आणि वेगळी शिजवलेली डाळ वाढवा. बटाटा टाकून मीठ शोषून घ्यायची युक्ती इथे चालत नाही, कारण भाजीला रस्साच नसतो.

शिजताना उग्र, नेहमीपेक्षा वेगळा वास आला: चाखून पाहू नका. निवडलेल्या कचऱ्यातला दांडा आणि एखादं पान परत हातात घ्या आणि टप्पा २ मधल्या खुणा पुन्हा तपासा. याचसाठी भाजी ताटात पडेपर्यंत निवडलेला कचरा फेकायचा नसतो. एकही खूण चुकत असेल तर कढई रिकामी करा.